अम्मीला उमराहला न्यायचंय, गुडघे दुखतात – मराठवाड्यातून नियोजन कसं करावं?

दुधनाकाठ

सलाम आणि नमस्कार मंडळी.

अम्मीचं वय ६७. अब्बा जाऊन चार वर्षं झाली. दोघांनी मिळून हजला जायचं असं त्यांचं ठरलेलं होतं. सोयाबीनचे पैसे हातात आले की अब्बा एक रक्कम बाजूला काढायचे आणि दरवर्षी ती कुठं ना कुठं लागायची. एका साली बहिणीचं लग्न, एका साली बोअर आटला, एका साली गारपीट. ते राहूनच गेलं. आता अम्मी म्हणते, "मला एकदा काबा डोळ्यानं बघू दे, मग माझं काही मागणं नाही."

आमचं गाव सेलू तालुक्यात. माझ्याकडं दोघांचे मिळून दोन लाख चाळीस हजार जमलेत, दिवाळीनंतर अजून थोडे येतील. घरातून आजवर कुणी गेलेलं नाही, त्यामुळं विचारायला माणूस नाही. तालुक्याच्या गावात दोन एजंट आहेत. दोघंही "काही काळजी करू नका" एवढंच सांगायलेत.

खरी अडचण अम्मीचे गुडघे. दोन वर्षांपासून नमाज खुर्चीवर आहे. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना चौकट धरावी लागते. साखरही आहे. हजचा फॉर्म भरावा की आधी उमराह करावी, म्हणजे मक्केची छोटी, वर्षात कधीही करता येणारी यात्रा? ग्रुपबरोबर जावं का? मुंबईहून की हैदराबादहून? आणि तिथं चालणं नेमकं किती असतं? अनुभव असलेल्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

---

मोंढा_लातूर

दादा, आमच्याकडं सध्या १५ दिवसांच्या उमराहचे ८५ हजार ते सव्वा लाख असे दर चालू आहेत, त्यामुळं दोघांचं तुमच्या पैशात बसतं. ग्रुपनंच जा, पहिल्यांदा एकट्यानं नको. पैसे रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि पक्की पावती घ्या. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण पावतीवर पॅन तुमचाच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या तिघांनी पॅनकडं लक्ष दिलं नाही आणि ते पैसे गेले.

---

पानचक्की

दुधनाकाठ भाई, मी औरंगाबादची. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन जाऊन आले, त्यांचं वय ७१. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सगळं लिहिते.

आम्हाला एजंटनं हॉटेल "हरमपासून पाचशे मीटर" सांगितलं होतं. हरम म्हणजे काब्याभोवतीची मोठी मशीद. कुठल्या दारापासून पाचशे मीटर, हे आम्ही विचारलंच नाही. तिथं गेल्यावर मोबाइलवर मोजलं तर अंगणाच्या कडेपर्यंत नऊशे मीटर निघालं आणि शेवटचा तुकडा चढाचा. मक्का हे डोंगरातलं गाव आहे हे लक्षात ठेवा. अजयादच्या बाजूला तर रस्तेच चढाचे. नकाशावर जवळ दिसणारं हॉटेल पायाला जवळ असेलच असं नाही.

आता हिशेब करा. हॉटेल एक किलोमीटरवर असेल तर पाच नमाजांना जाऊन-येऊन दहा किलोमीटर होतात. तवाफ (काब्याचे फेरे) आणि सई (सफा-मरवा टेकड्यांमधल्या खेपा) यात धरलेली नाही. सासूबाईंचे पाय तिसऱ्या दिवशी सुजले. त्यानंतर चार दिवस त्या खोलीतच नमाज पढत होत्या, खिडकीतून घड्याळाचा मनोरा दिसायचा. एवढ्या लांब जाऊन चार दिवस खिडकीत. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून माझं सांगणं एकच. पैसे कमी असतील तर १५ दिवसांचे ११ करा, जेवण साधं घ्या, खरेदी करू नका, पण मक्केतलं हॉटेल जवळचं आणि सपाटीवरचं घ्या. हॉटेलचं नाव आधी लिहून मागा. नाव मिळालं की नकाशात टाकून हरमच्या दारापर्यंतचं चालण्याचं अंतर स्वतः बघा. किंग अब्दुल अझीझ गेट १ नंबरचं आहे आणि किंग फहद गेट ७९ नंबरचं. एजंट नाव द्यायला टाळाटाळ करत असेल, "त्याच दर्जाचं दुसरं" असं म्हणत असेल, तर तिथं पैसे भरू नका.

---

दुधनाकाठ

पानचक्की आपा, फार उपकार झाले. आज एजंटला हॉटेलचं नाव विचारलं. म्हणाला, "ते व्हिसा आल्यावर कळतं." मी उठून आलो.

तवाफ आणि सई किती पडते तेही सांगा. अम्मीला झेपेल का?

---

खिदमत_नांदेड

अस्सलामु अलैकुम. मी दरवर्षी हाजींच्या प्रशिक्षण शिबिरात मदत करतो. तुमचे प्रश्न एकेक करून घेतो, थोडं लांबेल.

तवाफ म्हणजे काब्याला सात फेरे, हजरे अस्वदपासून, म्हणजे काब्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडापासून सुरू. त्या रेषेवर हिरवा दिवा असतो, तो बघून फेरा मोजायचा. काब्याजवळून फिरायला मिळालं तर अंतर कमी पडतं. गर्दीत कडेनं फिरावं लागलं तर सात फेऱ्यांचे दीड-दोन किलोमीटर सहज होतात, आणि वरच्या मजल्यावरून केला तर त्याहून बरेच जास्त. अलीकडं खालच्या मताफमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या अंगणात, पुरुषांना बहुतेक वेळा एहराम, म्हणजे यात्रेचा पोशाख, असेल तरच सोडतात. पहिल्या उमराहला तुम्ही एहराममध्येच असाल, तेव्हा दोघांनी खालूनच करा. मग सई. सफा ते मरवा एक खेप साधारण साडेचारशे मीटर, अशा सात, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. जागा झाकलेली आहे, फरशी गुळगुळीत आहे, गारवा आहे, पण अंतर अंतरच आहे.

तवाफ आणि सई दोन्ही उजर, म्हणजे खरी अडचण, असेल तर व्हीलचेअरवर चालतात, यात मनात काही आणू नका. फेऱ्यांच्या मध्ये बसून दम घेतला तरी चालतो. वरच्या मजल्यावर बॅटरीच्या गाड्याही मिळतात, त्यांचं भाडं द्यावं लागतं. माझा सल्ला असा की अम्मींनी तवाफ जमेल तसा पायी करावा आणि सई व्हीलचेअरवर. दोन्ही पायी करण्याचा हट्ट धरला तर पुढचे आठ दिवस जातात.

आता हज की उमराह. हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, असेल तर उमराह केल्यानं तो सुटत नाही, हे आधी नीट समजून घ्या. फर्ज आहे की नाही हे ऐपतीवर आहे आणि ते तुमच्या मशिदीच्या आलिमांसमोर जमीन, कर्ज, खर्च सगळं मांडून विचारा. हज कमिटीतून माणशी साडेतीन-चार लाखांच्या घरात जातं. अम्मींसोबत तुम्हीही आलात म्हणजे दुप्पट. २०१८ पासून अनुदान बंद आहे, पूर्ण खर्च आपलाच. २०२५च्या धोरणात ६५ वर्षांवरच्यांना प्राधान्य होतं आणि त्यांच्याबरोबर सोबती सक्तीचा होता. त्यामुळं अम्मींचा नंबर लागण्याची शक्यता चांगली. पण शरीराचं बघा. हजचे पाच दिवस म्हणजे मीनाचे तंबू, अरफातचं मैदान, मुजदलिफात उघड्यावर रात्र, मग जमरातला, म्हणजे सैतानाच्या खांबांना, कंकऱ्या मारायला पायी जाणं. जिलहज्ज महिन्याच्या बारा तारखेला निघालं तरी ४९ कंकऱ्या होतात, आणि दर वेळी लाखोंच्या गर्दीतून जाऊन यायचं. उमराहमध्ये आजच दुखलं तर उद्या करता येतं, हजमध्ये नऊ जिलहज्जला अरफात गाठावंच लागतं.

आणि एक कळकळीचं. कुणी "व्हिजिट व्हिसावर हज करून आणतो, स्वस्तात" म्हणालं तर त्याच्या सावलीला उभं राहू नका. २०२४ साली हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारनं १,३०१ मृत्यू जाहीर केले, त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, गारव्याची बस नाही, भर उन्हात मैलोन्‌मैल पायी.

तुम्ही पुढं कधी हजला आलात तर आपल्या मराठवाड्याची एक गोष्ट माहीत असू द्या. मक्केत निजामांची रुबात आहे, म्हणजे हाजींसाठी वक्फ केलेली राहण्याची जागा. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या जिल्ह्यांचे हाजी तिच्यासाठी पात्र धरले जातात. तेलंगणा, कर्नाटकातले ते जिल्हे आणि आपला मराठवाडा. जागा थोड्या असल्यानं चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. संस्थान १९४८ला गेलं, रुबात अजून चालू आहे. आपल्याकडच्या कितीतरी लोकांना याचा पत्ताच नसतो.

---

मोंढा_लातूर

रुबातचं मलाही माहीत नव्हतं. आमचे आजोबा बोटीनं गेले होते. त्या काळी मुंबईहून जेद्दाला जहाज जायचं, १९९५पर्यंत चालू होतं. आजोबा महिनोन्‌महिने घरी नव्हते. त्यांची पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे, आत नाव आणि "जिल्हा उस्मानाबाद" असं रंगानं लिहिलेलं.

---

उदगीरकर

दुधनाकाठ दादा, लोक मुंबई मुंबई करायलेत पण आमच्या पट्ट्यातले सगळे हैदराबादहून जायलेत. हैदराबादहून जेद्दाला थेट विमान आहे. उदगीर, देगलूर, नांदेडवाल्यांना ते जवळ पडतं. तुम्ही सेलूचे, तुम्हाला दोन्ही सारखंच. रात्री देवगिरी धरली की सकाळी मुंबई. पण म्हाताऱ्या माणसाला रेल्वेतून उतरवून मुंबईच्या गर्दीतून विमानतळावर नेणं सोपं नाही. मी अब्बांना हैदराबादला एक दिवस आधीच नेलं, नातेवाइकाकडं झोपवलं, दुसऱ्या दिवशी निवांत विमानतळ. कुठूनही जावा पण एक रात्र मधी ठेवा बगा. रेल्वे तीन तास लेट झाली तर विमान थांबत नसतंय.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. दारापासून विमानाच्या खुर्चीपर्यंत नेतात, पैसे लागत नाहीत. आपले लोक लाजतात, "माझी आई काय अपंग आहे का" म्हणतात. असं करू नका.

---

दवाखाना_अंबाजोगाई

मी डॉक्टर आहे, हाजी नाही, पण दर सिझनला माझ्याकडं यात्रेकरू तपासणीला येतात. काही गोष्टी सांगतो.

मेंदूज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवा. आईचं वय आणि साखर बघता फ्लूची लसही द्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असू द्या.

औषधांचं जास्त महत्त्वाचं आहे. साखरेमुळं पायांची आग होते म्हणून पुष्कळांना प्रिगॅबालिन चालू असते. गुडघ्यासाठी काहींना ट्रामाडॉल दिलेलं असतं. सौदीत ही दोन्ही नियंत्रित औषधं आहेत, बॅगेत अशीच सापडली तर भानगड होते. आईच्या गोळ्यांची नावं आपल्या डॉक्टरांना दाखवा, शक्य असेल तर पर्याय घ्या. बाकी सगळ्या गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या. डब्यात एकत्र ओतू नका.

आणि आजपासून चालायला लावा. तुमच्याकडं अडीच-तीन महिने आहेत. पहिला आठवडा सकाळी दहा मिनिटं सपाटीवर, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुखलं तर एक दिवस सुट्टी, दुसऱ्या दिवशी परत. तिथं घालायची चप्पल इथंच महिनाभर वापरून मऊ करा, नवी चप्पल तिथं घालू नका. हरमच्या आत लोक अनवाणी फिरतात. साखरेच्या माणसाला तळपायाची जखम कळत नाही, म्हणून आईला पायमोजे घालू द्या. बायकांना एहराममध्ये मोजे चालतात असं माझ्या पेशंटनी सांगितलं, जाणकारांनी खात्री द्यावी. रोज रात्री तळपाय हातानं चाचपून बघायचे. हे काम मुलानं करायचं.

---

खिदमत_नांदेड

डॉक्टरसाहेब बरोबर आहेत. बायकांना मोजे चालतात. त्यांचा नेहमीचा शिवलेला पोशाखच एहराम असतो, फक्त चेहऱ्याला लागून नकाब आणि हातमोजे नाहीत. पुरुषांना दोन बिनशिलाईच्या चादरी, आणि पायाची वरची हाडं उघडी राहतील अशी चप्पल. नियत केल्यापासून अत्तर, सुगंधी साबण, नखं काढणं, केस कापणं बंद.

---

काळी_माती

मी धर्मानं हिंदू, गाव वसमतजवळ. धागा सुरुवातीपासून वाचतोय. आमच्या गल्लीतले चाचा हजला गेले तेव्हा निम्मं गाव एसटी स्टँडवर होतं. मी सहावीत होतो. आईनं दशम्या दिल्या होत्या बांधून.

दादा, प्रवासाला दशम्या न्या. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, दुधात भिजवलेली दशमी तीन दिवस मऊ राहते. शेंगदाण्याची चटणी कोरडी करा. म्हाताऱ्या माणसाला परक्या मुलखात तोंडाला चव लागत नाही, तेव्हा हेच कामाला येतं.

आणि एक विनंती. माझ्या आईचेही गुडघे गेलेत, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तुमच्या अम्मी तिथं पोचल्या की तिच्यासाठी दोन शब्द बोलतील का?

---

पानचक्की

दशम्या चांगल्याच. पण खबरदार, खसखस काहीही झालं तरी नेऊ नका. तिकडं ती अमली पदार्थात धरतात. आपल्याकडच्या कित्येक घरांत काळ्या मसाल्यात खसखस असते, अनारशावर असते, काही लाडवांत असते. सासूबाईंनी मसाल्याची पुडी बॅगेत घातली होती, मी आदल्या रात्री काढली. नुसता तिखट-मीठ-जिरं न्या. गुटखा, तंबाखू, मिश्रीचं सांगायलाच नको.

आता मला एक वादाचा मुद्दा मांडायचाय. मक्का आधी की मदिना आधी? बहुतेक ग्रुप जेद्दाला उतरवून थेट मक्केला नेतात. म्हणजे विमानात बसण्याआधीच एहराम, वाटेत यलमलमच्या मीकातला, म्हणजे एहरामच्या ठरलेल्या हद्दीला, नियत, उतरल्यावर रांगा, बस, आणि रात्रभराच्या जागरणानंतर त्याच अंगानं तवाफ-सई. म्हाताऱ्यांना इथंच दणका बसतो. त्यापेक्षा आधी मदिना घ्या. मदिना सपाट आहे, हॉटेलं मशिदीला लागून आहेत, मन शांत होतं. चार-पाच दिवस पाय जमिनीला लागले की मग जुलहुलैफा या मदिनेजवळच्या मीकातहून एहराम बांधून मक्केला जायचं.

---

मोंढा_लातूर

आपा, मला हे पटत नाही. माणूस आयुष्यभर काब्यासाठी झुरलेला असतो, त्याला आधी मदिनेत पाच दिवस बसवायचं? आमच्या खालाचा जीव मक्केत पोचेपर्यंत थाऱ्यावर नव्हता. शिवाय जुलहुलैफाहून मक्का सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, तेवढा वेळ एहराममध्ये बसमध्ये बसायचं, त्याचं काय?

---

उदगीरकर

बस कशाला, हरमैन रेल्वे आहे ना. २०१८ला सुरू झाली, मदिना ते मक्का अडीच तासाच्या आत. भाडं बसपेक्षा जास्त पडतंय, पण गुडघेवाल्यांना बसमधी पाच-सहा तास पाय लोंबकळत ठेवण्यापेक्षा बरं. फक्त एहराम बांधून, मीकातच्या आत नियत करूनच पुढं जावा. रेल्वे मीकातला थांबत नसतीय.

---

खिदमत_नांदेड

दोन्ही जायज आहे, सवाब दोन्हीत आहे. तरुण माणसाला मी मक्का आधी सांगेन. ज्यांची तब्येत नाजूक त्यांना मदिना आधी, पानचक्की आपांशी मी सहमत. मदिनेत रौजा, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीतल्या रियाजुल जन्नत या जागेत नमाज पढायला सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवरून परवाना लागतो. बायकांच्या वेळा वेगळ्या असतात आणि परवाना साधारण वर्षातून एकदाच मिळतो. व्हिसा आला की त्याच दिवशी अ‍ॅप भरा. तारीख बघून मगच मदिनेतले दिवस पक्के करा, उलटं करू नका.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचं वाचून अम्मीसमोर बसलो आणि एकेक मुद्दा सांगितला. मदिना आधी म्हटल्यावर ती गप्प झाली. मला वाटलं मोंढा दादा म्हणतात तसंच होणार. मग म्हणाली, "तू सांगतोस ते खरं आहे. पाय राहिले तर मक्का. मदिना आधी."

आलिमसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बोअरचं कर्ज अजून आहे. म्हणाले, आधी कर्जाचा या वर्षीचा हप्ता भर, मग उमराह. हजचं पुढं बघू.

तिसरा एजंट गाठला, परभणीचा. हॉटेलचं नाव कागदावर लिहून दिलं, मिसफला भागात, सपाटीवर, मोजून साडेतीनशे मीटर. १२ दिवस, माणशी एक लाख आठ हजार. डिसेंबरचा पहिला आठवडा, सोयाबीन विकून झालेलं आणि तूर अजून रानात.

रोज सकाळी फजरच्या नमाजनंतर आम्ही चालतो. पहिल्या दिवशी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन अम्मी बसली. आज पार, तिथून दर्गा, तिथून शाळा आणि परत. बायका विचारतात, "भाभी, कुठं निघाल्या?" अम्मी म्हणते, "मक्केला."

---

दुधनाकाठ

परवा निघायचंय. बॅगेचं वजन केलं. खसखस नाही, गोळ्या पाकिटात, चिठ्ठ्या वेगळ्या. मदिनेत डिसेंबरच्या रात्री थंड असतात म्हणून स्वेटर घेतला. अम्मीनं कफनाचं कापड घेतलंय, जमजममध्ये भिजवून आणायला. मी काही बोललो नाही.

दोन दिवस ती घरोघर जाऊन माफी मागतेय, "बोलल्याचाललेलं पोटात घाला." आमच्या शेजारच्या शेतातल्या काकूंशी बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अब्बांच्या मयतीला त्या आल्या, तरी अम्मी बोलली नव्हती. काल संध्याकाळी अम्मी काठी टेकत एकटीच गेली. मी लांबून बघत होतो. काकू वाकळ शिवत होत्या. सुई तशीच कापडात टोचून ठेवली आणि उठल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, अम्मीनंही सांगितलं नाही. दिवेलागण झाल्यावर परत आली तेव्हा पदरात हरभऱ्याचा कोवळा पाला होता.

पाचवीतल्या पुतण्यानं एक चौरेघी वही केलीय. ज्यांनी ज्यांनी दुआ सांगितली त्यांची नावं आणि पुढं काय मागायचं ते. ६१ नावं झालीत.

---

पानचक्की

खुदा हाफिज भाई. मक्केत हॉटेलचं कार्ड अम्मींच्या गळ्यात घाला आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. आतली नको, बाहेरच्या दाराचा नंबर ठरवा.

---

दुधनाकाठ

परत येऊन नऊ दिवस झाले. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात तुरीची रास, म्हणून उशीर झाला. अल्हम्दुलिल्लाह, सगळं नीट झालं. पुढं जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

मदिना आधी घेतली हे फार बरं झालं. हॉटेलच्या दारातून बाहेर पडलं की समोर मशिदीच्या अंगणातल्या छत्र्या. अम्मी पाचही वेळा गेली, एकही नमाज खोलीत पढली नाही. रौजाची तिची वेळ रात्री उशिराची होती. बायकांच्या बाजूला मला जाता येत नाही, ग्रुपमधल्या हिंगोलीच्या एका आपांनी तिला हाताला धरून नेलं. त्यामुळं ज्यांच्या आया-बहिणी जाणार आहेत त्यांनी ग्रुपमधल्या एका बाईशी पहिल्याच दिवशी ओळख करून ठेवावी. उहुदचा डोंगर, कुबा आणि किबलतैनच्या मशिदी बसनं दाखवल्या. कुबात दोन रकात पढायला सगळे उतरले, अम्मीही.

मक्केचं हॉटेल खरंच साडेतीनशे मीटर. पण जायला वीस मिनिटं लागायची, कारण नमाजच्या वेळी रस्ता माणसांनी भरलेला असतो. म्हणून आम्ही वेळ बदलली. असरला, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजला, जायचो आणि रात्रीची इशा करूनच यायचो, मधी तिथंच बसायचं. त्यामुळं फेऱ्या निम्म्या झाल्या. असर ते इशा बसायचं असेल तर सोबत दोन खजूर, गोळी आणि घडीची छोटी खुर्ची.

पहिली उमराह. व्हीलचेअर आधीच घेतली होती. मताफच्या कडेला आल्यावर काबा समोर आला. अम्मी खुर्चीत होती. तिनं दोन्ही हात दांड्यावर दाबले आणि उठली. मी धरायला गेलो तर हात बाजूला केला. सातही फेरे तिनं पायी केले, माझा दंड धरून, मोठ्या कडेनं, चौथ्या फेऱ्यानंतर थोडी उभी राहून. पायाखालची पांढरी फरशी गार होती. मोजे होतेच. सई व्हीलचेअरवर, ढकलायला मीच. खिदमत भाई, तुमचं ऐकलं नसतं तर ती सईही पायी करायला निघाली होती. सईनंतर ग्रुपमधल्या आपांनी तिच्या केसांचं टोक बोटाच्या पेराएवढं कापलं.

डॉक्टरसाहेब, तळपाय रोज बघितले. सहाव्या दिवशी डाव्या अंगठ्याजवळ फोड दिसला, तिला कळलाही नव्हता. दोन दिवस बाहेर नेलं नाही. एवढं एकच झालं.

आठव्या रात्री अम्मी झोपल्यावर मी एकटा मक्केच्या पवित्र हद्दीबाहेरच्या मस्जिदे आयशाला गेलो, तिथून एहराम बांधून अब्बांच्या नावानं एक उमराह केली. पहाटे तीनला संपली. खोलीत आलो तर अम्मी जागी होती. "झाली?" म्हणाली. हो म्हटलं. मग तिनं डब्यातली शेवटची दशमी काढून दिली.

वहीतली नावं निघायच्या आदल्या दिवशी फजरनंतर वाचली. मी नाव वाचायचो, अम्मी ते परत म्हणायची, मग मागणं. कुणाची पोलीस भरती, कुणाला पाऊस, कुणाला मूल. तासभर लागला. काळी_माती दादा, तुमच्या आईंचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून "वसमतच्या बाई, गुडघे" असं ४४व्या ओळीवर लिहिलं होतं. अम्मी तिथं जरा जास्त वेळ थांबली. आईंचं ऑपरेशन कसं झालं ते कळवा.

---

काळी_माती

झालं दादा, चांगलं झालं. कालपासून वॉकर धरून अंगणात चालायलीय. तुमचं वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या बाईंना विचार, त्या रोज किती मिनिटं चालायच्या?"

---

दुधनाकाठ

आईंना सांगा, पहिला आठवडा दहा मिनिटं. दुखलं तर एक दिवस सुट्टी, दुसऱ्या दिवशी परत.